पेसमेकर किंवा आयसीडी बसवलेल्या रुग्णाला ‘करंट’ देण्यापूर्वी

गुडघेदुखी, कंबरदुखी, मानेचा स्पॉन्डिलायटिस किंवा लकव्यानंतर आलेला हातापायांचा अशक्तपणा ही दुखणी ज्या वयात मागे लागतात, त्याच वयात अनेकांना पेसमेकरही बसवलेला असतो. तरीही फिजिओथेरपीच्या दवाखान्यात ही माहिती वेळेवर पुढे येईलच, याची खात्री नसते. गुडघ्याच्या दुखण्याचा छातीतल्या ‘बॅटरी’शी काही संबंध असेल असे रुग्णाला वाटत नाही, म्हणून तो सांगत नाही. केसपेपरवर मधुमेह आणि रक्तदाब यांचे रकाने असतात, पण हृदयातल्या उपकरणाचा रकाना अनेकदा नसतो, म्हणून विचारले जात नाही. शिवाय तपासणारी व्यक्ती वेगळी आणि आठवडाभर रोज पॅड लावणारी व्यक्ती वेगळी असू शकते.

“पेसमेकर आहे, तर करंट (दुखऱ्या भागावर पॅड लावून दिला जाणारा विजेचा प्रवाह) चालेल का?” या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. उपकरण कोणते, करंट कोणत्या प्रकारचा, तो शरीराच्या कोणत्या भागावर द्यायचा आणि देखरेख कोणाची, या चार गोष्टी कळल्यावरच उत्तर देता येते. त्या कळेपर्यंत उत्तर ‘नाही’ असेच धरावे. दोन बाबतींत तर अधिक विचार करण्याचेही कारण नाही: डायथर्मीचा, म्हणजे विद्युतचुंबकीय लहरींनी दिलेला खोल शेक हृदयात उपकरण असलेल्या कोणालाही देऊ नये, आणि आयसीडी, म्हणजे गरज पडल्यास हृदयाला आतून विजेचा झटका देणारे उपकरण, असलेल्या रुग्णाने घरी स्वतःहून कोणतेही करंटचे यंत्र लावू नये.

उपकरणाची फसगत कशी होते

पेसमेकर सतत ठोके देत राहतो, असा समज सर्वत्र आहे. प्रत्यक्षात तो बराच वेळ केवळ लक्ष ठेवून असतो. हृदयात सोडलेल्या तारेच्या टोकाशी हृदयाचा स्वतःचा विद्युत संकेत उमटतो आणि त्याची ताकद काही मिलिव्होल्ट असते. तो संकेत वेळेत आला तर पेसमेकर गप्प राहतो, आला नाही तर स्वतः ठोका देतो. आता शेजारी टेन्सचे, म्हणजे त्वचेवर पॅड लावून वेदना कमी करण्यासाठी करंट देणारे यंत्र ठेवून पाहू. यंत्राने २० मिलिअँपियर करंट सोडला आणि दोन पॅडांमधला त्वचेचा व शरीराचा अडथळा सुमारे १००० ओहम धरला, तर त्या पॅडांमध्ये २० व्होल्टचा दाब तयार होतो. हृदयाच्या संकेतापेक्षा हा दाब हजारो पटींनी मोठा आहे. त्याचा अगदी अल्प अंश तारेपर्यंत पोचला तरी पेसमेकरला तो हृदयाचा ठोका वाटू शकतो.

असे झाले की पेसमेकर थांबतो. ज्या रुग्णाचे हृदय पेसमेकरशिवायही बऱ्यापैकी चालते, त्याला यातले काही जाणवणारही नाही. पण ज्याचा जवळजवळ प्रत्येक ठोका पेसमेकरच देतो, त्या रुग्णाला काही सेकंदांतच डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते आणि तो कोसळू शकतो. बाहेरचा गोंगाट अखंड चालू राहिला तर ठरावीक वेगाने ठोके देत राहण्याची सोय आधुनिक पेसमेकरमध्ये असते, परंतु थांबून थांबून येणाऱ्या करंटपुढे ती सोय कामाला येईलच असे नाही. दुसरी शक्यता वरच्या कप्प्यातल्या तारेची आहे. दोन तारांच्या पेसमेकरमध्ये वरच्या तारेने बाहेरचा करंट टिपला, तर उपकरण त्याच्या मागोमाग खालच्या कप्प्याला वेगाने ठोके द्यायला लागते आणि रुग्णाला अचानक धडधड जाणवते.

आयसीडीची गोष्ट याहून नाजूक आहे. जवनिकेचे (हृदयाच्या खालच्या कप्प्याचे) तंतुकंपन, म्हणजे हृदय ठोके न देता नुसते थरथरते ती प्राणघातक अवस्था, ओळखून विजेचा झटका देणे हे आयसीडीचे काम आहे. तंतुकंपनाचे संकेत फार क्षीण असतात, म्हणून आयसीडीची संवेदनक्षमता मुद्दामच जास्त ठेवलेली असते. पेसमेकरची खालच्या कप्प्यासाठीची पातळी साधारणपणे २ ते २.५ मिलिव्होल्ट असते, तर आयसीडी ०.३ मिलिव्होल्टइतका बारीक संकेतही टिपतो. त्यामुळे ज्या करंटने पेसमेकर फसत नाही, त्याच करंटने आयसीडी फसू शकतो आणि शुद्धीवर असलेल्या, हृदय नीट चाललेल्या माणसाला आतून झटका बसू शकतो. ज्याने तो झटका एकदा अनुभवला आहे, तो रुग्ण पुढे कित्येक महिने भीतीखाली वावरतो. हे नुकसान कोणत्याही अहवालात उमटत नाही, म्हणून ते लहान समजू नये.

अभ्यासांतही हा फरक दिसतो. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी १९८८ मध्ये पेसमेकर असलेल्या ५१ रुग्णांवर शरीराच्या चार ठिकाणी टेन्स लावून पाहिले. पेसमेकरची २० वेगवेगळी मॉडेल्स होती आणि एकाच्याही कामात अडथळा आला नाही. त्यानंतर १९९० मध्ये मात्र होल्टरच्या (अंगावर लावून ठेवलेल्या ईसीजी यंत्राच्या) नोंदीत टेन्समुळे पेसमेकर थांबल्याची उदाहरणे पुढे आली. संवेदनक्षमतेची पातळी बदलल्यावर तो दोष गेला. आयसीडी असलेल्या ३० रुग्णांच्या २००८ मधल्या स्वीडिश अभ्यासात तर निम्म्याहून अधिक जणांमध्ये अडथळा आढळला. पेसमेकरवाल्या शेजाऱ्याला टेन्स चालले म्हणून आयसीडीवाल्यालाही चालेल, हा हिशेब म्हणूनच चुकीचा आहे.

पहिली पायरी: छातीत नेमके काय आहे ते ओळखणे

उपकरण बसवल्यावर रुग्णालयातून एक ओळखपत्र मिळते. ते कपाटातल्या फाइलमध्ये न ठेवता पाकिटात ठेवावे आणि फिजिओथेरपीच्या पहिल्या दिवशी दाखवावे. त्यावर कंपनी, मॉडेल क्रमांक, बसवल्याची तारीख, तारांचे मॉडेल आणि रुग्णालयाचे नाव असते. काही कार्डांवर किंवा डिस्चार्ज कार्डवर ‘व्हीव्हीआय’ किंवा ‘डीडीडीआर’ अशी अक्षरेही असतात. पहिले अक्षर ठोका कोणत्या कप्प्यात दिला जातो ते सांगते, दुसरे संकेत कोणत्या कप्प्यातून टिपला जातो ते, आणि तिसरे संकेत मिळाल्यावर उपकरण काय करते ते. तिसऱ्या जागी ‘आय’ असेल तर संकेत मिळताच उपकरण गप्प बसते. आधी सांगितलेली फसगत नेमकी याच अक्षरात दडलेली आहे. चौथ्या जागी ‘आर’ असेल तर हालचालीप्रमाणे ठोके वाढवण्याची सोय आहे.

कार्ड हरवले असेल तर ज्या रुग्णालयात उपकरण बसवले तिथून माहिती घ्यावी. छातीच्या एक्स-रेमध्येही अनुभवी डॉक्टरांना पेसमेकर आणि आयसीडी वेगळे ओळखता येतात, कारण आयसीडीच्या तारेवर झटका देणारा जाड भाग स्पष्ट दिसतो. केवळ कातडीखालच्या फुगवट्यावरून अंदाज बांधू नये. त्वचेखाली बसवलेला आयसीडी डाव्या कुशीत असतो आणि त्याची तार छातीच्या मधल्या हाडालगत जाते; कॉलरबोनखाली पाहणाऱ्याला तिथे काहीच दिसत नाही. हा प्रकार हृदयाच्या बाहेरून, मोठ्या अंतरावरून संकेत टिपतो, म्हणून बाहेरच्या करंटबाबत तो अधिकच जपावा लागतो. तारेविना थेट हृदयात बसवलेल्या लहान पेसमेकरचा तर बाहेरून मागमूसही लागत नाही. लूप रेकॉर्डर हे केवळ नोंद करणारे उपकरण आहे. करंटमुळे त्यात खोटी नोंद होऊ शकते, पण ते ठोका किंवा झटका देत नाही.

रुग्णालयात दाखल असताना तात्पुरता पेसमेकर लावला असेल आणि त्याची तार बाहेर आलेली असेल, तर विद्युत उत्तेजनाचा विषय तिथेच संपतो. ती तार म्हणजे हृदयापर्यंतची उघडी वाट असते.

दुसरी पायरी: ‘शेक’ आणि ‘करंट’ या शब्दांखाली काय काय येते

दवाखान्यात या दोन शब्दांत सगळी यंत्रे सामावली जातात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. यंत्राचे नाव विचारून लिहून घ्यावे.

शॉर्टवेव्ह डायथर्मी २७.१२ मेगाहर्ट्झच्या लहरींनी खोलवर उष्णता निर्माण करते. या लहरी शरीरातल्या धातूच्या तारेत शिरतात आणि तारेचे टोक जिथे टेकलेले असते तिथली ऊती भाजू शकते. मेंदूत उत्तेजक तारा बसवलेल्या रुग्णांना डायथर्मीमुळे गंभीर इजा आणि मृत्यू ओढवल्यावर अमेरिकेच्या एफडीएने (औषधे व वैद्यकीय उपकरणांच्या नियामक संस्थेने) २००२ मध्ये शरीरात कोणतीही तार असलेल्या सर्व रुग्णांबाबत इशारा दिला. उपकरण बंद असले तरी, इतकेच नव्हे तर उपकरण काढून टाकून नुसती तार आत राहिली असली तरी, धोका कायम राहतो. गुडघा हृदयापासून लांब आहे, ही सबब इथे चालत नाही. मायक्रोवेव्ह डायथर्मीलाही हाच नियम लागू आहे. डायथर्मी दुसऱ्या रुग्णाला सुरू असेल तेव्हाही उपकरण असलेल्या व्यक्तीला त्या खोलीत बसवू नये. पडद्याचे विभाजन पुरेसे नसते.

इंटरफेरेन्शियल, म्हणजेच आयएफटी, सुमारे ४००० हर्ट्झचे दोन करंट एकमेकांना छेदतील असे सोडते. चार पॅडांमुळे करंट खोल आणि पसरट जातो, त्यामुळे त्याची वाट मर्यादित ठेवणे अवघड असते. पेसमेकर असलेल्या रुग्णात ते टाळावे असे माझे स्पष्ट मत आहे, कारण तेच काम इतर मार्गांनी होते.

टेन्समध्ये करंटची स्पंदने लहान असतात आणि वारंवारता साधारण १ ते १५० हर्ट्झ असते. यातला ‘बर्स्ट’ प्रकार विशेष लक्षात घ्यावा. त्यात स्पंदनांचे झुबके सेकंदाला दोन येतात. सेकंदाला दोन म्हणजे मिनिटाला १२०, आणि ही हृदयाच्या ठोक्यांचीच गती झाली. उपकरणाने त्याला ठोके समजावे याहून सोपी परिस्थिती नाही. म्हणून बर्स्ट आणि अतिमंद वारंवारतेचे प्रकार वापरू नयेत. स्नायू आकुंचित करणाऱ्या उत्तेजनात करंट टेन्सपेक्षा जोरकस असतो आणि चालू-बंद होत राहतो, त्यामुळे खबरदारी अधिक हवी.

अल्ट्रासाउंड थेरपीत वीज शरीरात जात नाही, ध्वनिलहरी जातात. उपकरणाच्या आणि तारांच्या वरून किंवा आसपास ती फिरवू नये. दूरच्या सांध्यावर हृदयरोगतज्ज्ञांना विचारून देता येते. अल्ट्रासाउंड आणि करंट एकाच हातयंत्रातून देणारी जोडयंत्रे मात्र करंटच्याच नियमात मोडतात. सुईवाटे करंट देणारे इलेक्ट्रोअॅक्युपंक्चर, पोट कमी करण्याचे कंप देणारे पट्टे आणि आवंढा गिळण्यासाठी गळ्यावर दिले जाणारे उत्तेजन हेही विसरू नये.

तिसरी पायरी: हृदयरोगतज्ज्ञांना नेमका प्रश्न विचारणे

“फिजिओथेरपी घेऊ का?” असे रुग्णाने विचारले की डॉक्टर “घ्या” म्हणतात, कारण त्यांच्या मनात व्यायाम असतो. दवाखान्यात त्याचा अर्थ करंटला परवानगी असा लावला जातो. म्हणून फिजिओथेरपिस्टने स्वतः लेखी विचारावे. पत्र साधारण असे असावे: “आपल्या रुग्णाला उजव्या गुडघ्याच्या संधिवातासाठी टेन्स देण्याचा विचार आहे. दोन्ही पॅड गुडघ्याच्या दोन बाजूंना असतील, वारंवारता ८० हर्ट्झ, प्रत्येक वेळी २० मिनिटे, आठवड्यातून तीन वेळा. रुग्ण पेसमेकरवर पूर्ण अवलंबून आहे का? तारांची संवेदना युनिपोलर आहे की बायपोलर? संवेदनक्षमतेची पातळी किती आहे? पहिली वेळ उपकरण-तपासणीच्या खोलीत, प्रोग्रामर जोडून घेता येईल का?”

युनिपोलर आणि बायपोलर हा प्रश्न औपचारिकतेचा नाही. बायपोलर तारेत संकेत टिपणारी दोन टोके एकमेकांपासून साधारण एक सेंटिमीटरवर असतात, त्यामुळे बाहेरचे फारसे टिपले जात नाही. युनिपोलर रचनेत एक टोक हृदयात आणि दुसरे म्हणजे कॉलरबोनखालची डबीच असते. मधल्या लांब अंतरामुळे बाहेरचा करंट सहज आत येतो. अनेक पेसमेकरमध्ये ही रचना प्रोग्रामरवरून बदलता येते, पण तो निर्णय हृदयरोगतज्ज्ञांचा असतो.

उपकरण नवे असेल तर तार पक्की बसेपर्यंत, साधारण पहिले सहा आठवडे, त्या बाजूच्या खांद्याबाबत विशेष जपावे; खांद्यावर करंट तर त्यानंतरही नको.

चौथी पायरी: पहिली वेळ देखरेखीखाली

रुग्ण पेसमेकरवर पूर्ण अवलंबून असेल किंवा त्याला आयसीडी असेल, तर पहिली वेळ फिजिओथेरपीच्या दवाखान्यात होऊ नये. उपकरण-तपासणीची सोय असलेल्या रुग्णालयात प्रोग्रामर, म्हणजे उपकरण बाहेरून तपासणारे व त्याची मांडणी बदलणारे यंत्र, जोडला की हृदयाच्या आतला आलेख पडद्यावर दिसतो. करंट हळूहळू वाढवताना त्या आलेखात खोट्या रेषा उमटतात का, हे तंत्रज्ञ पाहतो. आयसीडीबाबत झटका देण्याची सोय त्या वेळेपुरती बंद ठेवावी लागते, आणि ती बंद असेपर्यंत बाहेरचा डिफिब्रिलेटर (छातीवरून विजेचा झटका देणारे यंत्र) व तो चालवणारा माणूस खोलीत असलाच पाहिजे. चाचणी संपल्यावर ती सोय पुन्हा सुरू केल्याची खात्री नातेवाइकांनीही विचारून घ्यावी. खिशात चुंबक ठेवून आयसीडी शांत करण्याचा प्रयोग दवाखान्यात कधीही करू नये. चुंबकामुळे आयसीडीचा झटका थांबतो, पण त्याचे ठोके देण्याचे काम सहसा बदलत नाही. पेसमेकरवर चुंबक ठेवला तर तो ठरावीक वेगाने ठोके देऊ लागतो. ही दोन वेगळी वागणी आहेत.

चाचणीत अडथळा आढळला नाही, तर तो निष्कर्ष त्याच यंत्रापुरता, त्याच जागेपुरता आणि तेवढ्याच तीव्रतेपुरता असतो. गुडघ्याला चालले म्हणून पुढच्या महिन्यात पाठीला लावू नये.

पाचवी पायरी: पॅड लावताना

छाती, मान, गळा, खांदा आणि पाठीचा वरचा भाग पूर्ण वर्ज्य समजावा. कमरेखालचा भाग त्यातल्या त्यात सुरक्षित आहे. एका वाहिनीचे दोन्ही पॅड जवळजवळ आणि एकाच अवयवावर असावेत. एक पॅड डाव्या पायावर आणि दुसरा उजव्या पायावर, किंवा एक हातावर आणि एक पाठीवर, अशी मांडणी कधीच नको, कारण मग करंटची वाट धडातून जाते. पॅडची चिकटण्याची बाजू वाळलेली किंवा कडा सुटलेल्या असतील तर करंट एका बिंदूवर एकवटतो, तेव्हा असा पॅड टाकून द्यावा.

तीव्रता शून्यावर ठेवूनच यंत्र सुरू करावे आणि रुग्णाला मुंग्या जेमतेम जाणवतील इतकीच वाढवावी. “अजून थोडा वाढवा, काही लागत नाही” असा आग्रह जवळपास प्रत्येक रुग्ण करतो. या रुग्णांच्या बाबतीत तो मानू नये. बोटाच्या टोकाला ऑक्सिमीटर लावून आणि मनगटाची नाडी हाताने मोजून अधूनमधून पडताळावे. नाडी हातानेच मोजावी, कारण टेन्स सुरू असताना ईसीजीच्या पडद्यावर यंत्राच्याच रेषा उमटतात आणि त्या ठोक्यांसारख्या दिसू शकतात. भिंतीच्या विजेवर चालणारे यंत्र असेल तर अर्थिंग तपासलेल्या तीन पिनांच्या प्लगवरच ते जोडावे. रुग्णाला एकटे सोडून दुसऱ्या पलंगाकडे जाऊ नये.

काही बिघडले तर

चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, छातीत धडधड, धाप किंवा अचानक उचकीसारखे झटके जाणवले, तर सर्वात आधी यंत्र बंद करावे. यंत्र चालू असताना पॅड ओढून काढू नयेत. रुग्णाला आडवे झोपवून नाडी पाहावी. आयसीडीने चार्ज होण्यास सुरुवात केली असली तरी चार्ज होण्यास काही सेकंद लागतात आणि झटक्यापूर्वी बहुतेक उपकरणे लय पुन्हा तपासतात. म्हणून यंत्र लगेच बंद केल्यास झटका टळण्याची शक्यता असते. एक झटका बसला आणि रुग्ण ठीक असेल तर त्याच दिवशी हृदयरोगतज्ज्ञांना कळवून उपकरण तपासून घ्यावे. एकामागून एक झटके बसले, किंवा झटक्यानंतर छातीत दुखू लागले वा शुद्ध हरपली, तर १०८ वर फोन करावा. रुग्ण प्रतिसाद देत नसेल आणि श्वास नीट चालत नसेल तर छातीवर दाब देण्यास लगेच सुरुवात करावी. उपकरण आहे म्हणून थांबू नये; आयसीडीचा झटका बसताना स्पर्श करणाऱ्याला फार तर हलका चटका जाणवतो, इजा होत नाही.

करंट नसला तर काय

नकार देऊन रुग्णाला वेदनेसह घरी पाठवणे, हीही हयगयच आहे. गुडघ्याच्या संधिवातात मांडीच्या पुढच्या स्नायूंचे नियमित व्यायाम, वजन आटोक्यात ठेवणे आणि काठीचा आधार यांतून मिळणारा फायदा करंटपेक्षा टिकाऊ असतो. गरम पाण्याच्या पिशवीचा शेक, हाताने केलेली सांध्यांची हालचाल, पट्टी बांधणे, पाण्यातले व्यायाम या कशातही वीज नाही. गरम पिशवी फक्त उपकरणावर ठेवू नये. लकव्यानंतरच्या अशक्तपणात वारंवार केलेला हेतुपूर्ण सराव हाच मुख्य उपचार आहे आणि उत्तेजन त्याची जोड असते.

घरात मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते. ऑनलाइन मिळणारी मानेची मसाज यंत्रे, पायांखाली ठेवायच्या मुंग्या आणणाऱ्या चटया आणि मोफत थेरपी केंद्रांतली यंत्रे यांपैकी अनेकांत करंटच असतो, पण खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘मसाज’ छापलेले असते. आतल्या माहितीपत्रकात पेसमेकरबद्दलची सूचना बारीक टाइपात असते. ती खरेदीपूर्वी वाचावी. चरबी मोजणारे वजनकाटे तळपायांतून सूक्ष्म करंट सोडतात, त्यामुळे त्यांचा वापरही हृदयरोगतज्ज्ञांना विचारूनच करावा. उपकरण असलेले आजोबा आणि गुडघ्याला टेन्स लावणाऱ्या आजी एकाच पलंगावर बसले तर चालते, कारण टेन्सचा करंट दोन पॅडांच्या मधूनच वाहतो. तेवढा वेळ आजोबांनी चालू पॅडांना हात लावू नये, आणि आजींना पॅड चिकटवून देण्याचे काम घरातल्या दुसऱ्या कोणी करावे.